घर क्रमांक नऊ

अकरावी संपली तेव्हा कामिनी बडगुजर
प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली,
सर, थर्मामीटर घरी नेऊ का?
मी तासिका तत्त्वावरचा माणूस,
जूनमध्ये असेन की नसेन.
नोंदवहीत माझ्या नावावर सही केली.
फुटला तर एकशे ऐंशी रुपये.

पारोळ्यात स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे
प्रोजेक्ट तयार मिळतात,
स्पायरल बाइंडिंग धरून दोनशे.
निष्कर्ष आधीच छापलेला,
फक्त नाव बदलायचं.
आभाराच्या पानावर एक रिकामी ओळ, सरांसाठी.
गेली सहा वर्षं मी त्या ओळीत राहतो.

हिला पुण्याच्या विद्यापीठात अर्ज करायचा होता.
त्यांनी विचारलं होतं, स्वतःचं काही शोधलंय का?
धाब्याचं घर, पत्र्याचं घर, स्लॅबचं घर,
मे महिन्यात दुपारी तीनला
कुठलं किती तपतं?
गावात उत्तर सगळ्यांना माहीत होतं.
मी म्हणालो, मग तेच मोज, जे सगळ्यांना माहीत आहे.
हे मी कुठंतरी वाचलं असणार.

चौदा घरं, एकतीस दिवस.
तोंडाला स्कार्फ, पायात भावाचे बूट,
कंपासपेटीत थर्मामीटर कापसात गुंडाळलेला,
कापूस घरचाच, सरकीसकट.
मधल्या खांबाला, जमिनीपासून चार फुटांवर
दहा मिनिटं टांगायचा.
दहा मिनिटं घरातली माणसं गप्प बसत,
जणू ती घराचा ताप बघतेय.

धाबं दुपारी गार.
रात्री नऊला मात्र दिवसभर गिळलेलं ऊन
हळूहळू परत देत बसायचं.
हे कुणालाच माहीत नव्हतं,
किंवा माहीत होतं म्हणूनच
सगळे झोपायला वर जात होते.

पण घर क्रमांक नऊ.
झेलाबाईचं. नुसता पत्रा,
वर झाड नाही, शेजारी भिंत नाही,
आणि दुपारचा आकडा रोज चार अंशांनी खाली.
आलेखात सगळे ठिपके आपापल्या रांगेत,
हा एक
पंगतीतून मध्येच उठलेला.

थर्मामीटर बदलून पाहिला.
खांब बदलून पाहिला.
मी म्हणालो, खोडून टाक, तेरा घरं पुष्कळ झाली.
हे आठवलं की अजून माझे कान तापतात.

एकोणतिसाव्या दिवशी ती अर्धा तास आधी गेली,
न सांगता.
झेलाबाई वाकून जमीन शिंपत होती.
दाराला ओलं गोणपाट.
मधल्या खांबाखाली तर पाण्याचं तळंच.
"पोर उनमा फिरस,
तिले तपेल घरमा कशी बसाडू?"

दोन हंडे, रोज.
त्या गल्लीत नळ चार दिवसांआड येतो.

कामिनीनं कंपासपेटी उघडलीच नाही.
जमिनीवर बसली, चहा प्यायली, आली.
रात्री फोन केला,
सर, चूक कुणाची लिहायची?
मला माहीत नव्हतं.
सहा वर्षांत पहिल्यांदाच
मी ते विद्यार्थ्याला सांगितलं.
तिकडून बराच वेळ
फक्त कूलरचा आवाज.

अहवालात पान अठरा, तळाशी, बारीक अक्षरात:
घर क्र. ९ ची दुपारची वाचनं ग्राह्य धरलेली नाहीत.
हे घर निरीक्षकाची वाट बघत होतं.
उरलेली तेरा घरं बघत होती का,
ते तपासायचं राहिलं.

ही शेवटची ओळ काढ, प्राचार्य म्हणाले,
अख्खा प्रोजेक्ट लंगडा दिसतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.
ओळ तशीच गेली पुण्याला.

थर्मामीटर जूनमध्ये परत आला, धड,
कापसाचे दोन तंतू पाऱ्याच्या टोकाला चिकटलेले.
विद्यापीठाकडून अजून काही कळलेलं नाही.
माझंही.